मोटारीच्या दारावरचं सारवण

या पानावरच्या बहुतेक गोष्टी रात्रीच्या असतात. अमावास्या, स्मशान, पिंपळ.

आमच्या घरी जे घडलं ते भर दुपारी घडलं.

आणि ते घडलंच. मी उभा जन्म मराठी शाळेत गणित शिकवलं. गणितात पदरचं घालून चालत नाही, इथंही मी घालणार नाही. मला हे सांगितलं माझ्या आईनं, सावित्रीनं. तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा तिच्या पोटात होते.

सन १९३४. मार्गशीर्ष महिना.

रत्नागिरी शहराबाहेर, कोल्हापूरच्या रस्त्याला, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळाच्या, उतारावर आमचं घर होतं. पुढं खळं, म्हणजे अंगण, खळ्यात नारळीच्या झापांचा मांडव, आणि कडेनं जांभ्या दगडांची बुटकी भिंत, गडगा. त्या मांडवाखाली बाबांनी आपली मोटार उभी केली होती.

माझे बाबा, आत्माराम, मुंबईत एका शेटजींची गाडी चालवायचे. शेटजींनी नवी घेतली आणि जुनी बाबांना देऊन टाकली. कापडी टपाची, चार दारांची, काळी गाडी. बाबा ती कोल्हापुरावरून आंबा घाट उतरून घरी घेऊन आले, तेव्हा सगळी वाडी बघायला लोटली होती.

बाबांनी ठरवलं होतं, आता मुंबई पुरे. गाडी भाड्यानं चालवायची, लग्नाच्या वर्द्या घ्यायच्या आणि घरात राहायचं. हे ऐकून आईला आभाळ ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून तिनं नवरा पाहिला होता तो गणपतीत, नाहीतर शिमग्यात.

पहिली वर्दी लगेच मिळाली. संगमेश्वरला एक लग्न होतं, नवरदेवाला न्यायचं होतं. ही वर्दी नीट पार पडली असती, तर बाबांना पुन्हा मुंबईला जावं लागलं नसतं.

फक्त गाडीचं रूप फार वाईट होतं. प्रवासानं आणि खाऱ्या हवेनं रंग मेला होता. राख फासल्यासारखी दिसायची.

बाबा गाडी चालवण्यात पटाईत. पण शेटजींकडे पुसापुशीला वेगळा माणूस होता, त्यामुळे पॉलिशचं फडकं बाबांनी कधी हातात धरलं नव्हतं. म्हणून त्यांनी रघूकाकाला बोलावलं. रघूकाका त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, रत्नागिरीत सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर.

"आधी भरपूर पाण्यानं धू," रघूकाका म्हणाला. "तांबडी धूळ तशीच ऱ्हायली नि तू घासत बसलास, तर ती धूळच रंग ओरबाडील. नि उन्हात हात लावू नको. पत्रा हाताला गार लागला पायजे."

"बरं. मग?"

"एका टायमाला एकच दार. पॉलिशचा मसाला बोटभर घे. कडांना जोर नको, तिथं रंग पातळ असतो. नि घासायचं ते सरळ, पुढं-मागं. गोल फिरवू नको. गोल फिरवलंस तर उन्हात कोळ्याचं जाळं दिसतंय. मग मेण लाव, पांढरं पडलं की जुन्या मऊ कापडानं पूस. तोंड दिसेल तुझं त्यात."

"माझं तोंड बघून काय मिळणार?"

"म्हणून तर म्हणतंय, मेण जरा कमीच लाव."

दोघं हसले. आई पडवीत उभी राहून ऐकत होती. तिला ते 'सरळ घास, गोल नको' चांगलं लक्षात राहिलं.

पुढं सांगण्याआधी माझ्या आजीबद्दल सांगायला हवं.

बाबांची आई, गंगुबाई. दोन वर्षांपूर्वी आषाढात वारली. पावसाळ्यात आगबोटी बंद, घाटात दरड कोसळलेली. बाबा घरी पोचले तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं. शेवटचे दोन दिवस आजी एकच विचारत होती... "आत्मा आला काय?"

आजी डावरी होती. जेवण सोडून सगळं डाव्या हातानं करायची. तिचं सारवण वाडीत प्रसिद्ध होतं. शेणाचा हात असा फिरवायची, की अर्धगोलाला अर्धगोल चिकटून बसायचा. आणि ते अर्धगोल बाकी बायकांच्या उलट्या बाजूला वळायचे. खळं बघून परका माणूससुद्धा सांगायचा, हे गंगुबायचं काम.

तर... पहिल्या दिवशी बाबांनी गाडी धुतली आणि उजवी बाजू घासायला घेतली. डावी बाजू गडग्याकडं होती. गाडी आणि गडगा यांच्यात एक माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा होती. ते काम त्यांनी मागं ठेवलं.

दुपारी जेवून ते पडवीत आडवे झाले. वाडी चिडीचूप. कोंबड्यासुद्धा सावलीला बसलेल्या.

आणि आवाज आला...

सर्र... सर्र... सर्र...

कोणीतरी घासत होतं. सावकाश, एका लयीत.

"अगो, तू कशाला घासतंस? दमशील," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"मी हय तांदूळ निवडतंय," आई त्यांच्या उशाकडून म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. आई खरंच तिथं बसली होती, मांडीवर सूप घेऊन.

आवाज चालूच होता.

सर्र... सर्र...

बाबा उठून खळ्यात गेले. आवाज थांबला. गाडीच्या पलीकडं कोणी नव्हतं. फक्त वास येत होता... ओल्या शेणाचा, ताज्या सारवणाचा. आईनं त्या दिवशी खळं सारवलेलं नव्हतं.

उंदीरबिंदीर असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

ऊन कलल्यावर किरणं मांडवाखाली तिरकी शिरली. आई शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा काढायला गडग्याकडं गेली होती. तिनं डावीकडचं मागचं दार पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

त्या दाराला बाबांनी हातही लावला नव्हता.

दार लखलखत होतं.

आणि त्या चकाकीत अर्धगोल होते. एकाला एक चिकटलेले, वरपासून खालपर्यंत, ओळीनं. सगळे उलट्या बाजूला वळलेले.

तिनं हाक मारली. बाबा आले, बघत राहिले, मग चिडले. त्यांना वाटलं, रघूकाका मुद्दाम येऊन चेष्टा करून गेला. सरळ घास म्हणणारा स्वतःच गोल घासून गेला, असं बडबडत त्यांनी मसाला घेतला आणि ते दार पुन्हा सरळ घासून काढलं. अंधार पडायच्या आत एकही अर्धगोल उरला नाही.

आई शेंगा घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा...

सर्र... सर्र... सर्र...

या वेळी बाबा झोपलेच नव्हते. ते पावलं न वाजवता गेले. जवळ जाईपर्यंत आवाज येत होता. वळसा घालून पलीकडं डोकावले, आणि सगळं शांत.

डावी बाजू पूर्ण झाली होती. दोन्ही दारं, पुढचा मडगार्ड, मागचा मडगार्ड. सगळीकडं अर्धगोल.

बाबांनी त्यावरून हात फिरवला. मग ते तिथंच गडग्याला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. आईनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजीच्या वेळीही ते रडले नव्हते. रडायला कोणी समोर उरलंच नव्हतं.

"आय हाय गो," ते म्हणाले. "माझी आय. पोराच्या कामात हात लावायला आली. मी तिच्या शेवटाला आलो नाय, तरी ती आली."

त्यांना भीती वाटली नाही. उलट लहान पोरासारखा आनंद झाला. आता ते अर्धगोल पुसायचे नाहीत, गाडी अशीच न्यायची, असं त्यांनी जाहीर केलं.

आईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण तिनं एक गोष्ट पाहिली होती. पुरुषांच्या ती ध्यानात येत नाही.

आमच्याकडं खळं सारवलं की त्यावर रांगोळी घालतात. वेळ नसेल तर चिमूटभर पीठ घेऊन निदान एक रेघ तरी ओढतात. नुसतं सारवून कोणी ठेवत नाही. बिनरांगोळीचं सारवण एकाच वेळी करतात. घरातून माणूस उचलून नेलं, की ते जिथं निजवलेलं असतं ती जागा सारवतात. तेव्हा रांगोळी घालत नाहीत.

आजीला नेल्यावर ती जागा आईनंच सारवली होती. तो कोरा चौकोन ती विसरली नव्हती.

आणि आता गाडीची अख्खी बाजू सारवलेली होती. कोरी.

आईनं बाबांना काही सांगितलं नाही. ते आत गेल्यावर तिनं रांगोळीचा डबा आणला, बोट ओलं केलं आणि डाव्या दाराच्या खालच्या अंगाला एक पांढरी रेघ ओढली. शेजारी छोटंसं स्वस्तिक काढलं. रेघ सरळ आली.

तिसऱ्या दुपारी आई पडवीतून हलली नाही. गाडीवर नजर लावून बसली. बाबा शहरात पेट्रोल आणायला गेले होते.

आवाज आला.

सर्र... सर्र...

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग एकदाच, छोटासा...

सर्र.

आई धीर करून गेली. रेघ नव्हती. स्वस्तिक नव्हतं. फिसकटलेलं नाही, पुसट झालेलं नाही, खाली पांढरा कणसुद्धा सांडलेला नाही. काढलंच नव्हतं असं. अर्धगोल मात्र ताजे होते, आणि वास तोच.

बाबा घरी आले तेव्हा आई उंबरठ्यावर बसलेली होती.

"उद्या तुम्ही गाडी चालवायची नाय," ती म्हणाली.

"काय झालं तुला?"

आईनं सगळं सांगितलं. रांगोळी, रेघ, कोरं सारवण.

बाबा हसण्यावारी न्यायला लागले. "आय माझं वाईट करील? पोटच्या पोराचं?"

"वाईट करतायत असं मी म्हणतंय काय? सांगतायत त्या. गाडीतून मढं उतरणार असं सांगतायत. नका जाऊ."

"नि वर्दी? शब्द दिलाय मी. पयल्याच वर्दीला शब्द मोडला तर पुढं कोण इचारील? पुन्हा मुंबय धरू? तुला तेच हवं काय?"

"व्हय," आई म्हणाली. "मुंबयत तरी जिते ऱ्हाल."

ज्या बाईनं नवरा घरी राहावा म्हणून देवाला नवस बोलला होता, ती हे म्हणाली. बाबा चपापले, पण ऐकेनात. दोघांचा खूप वाद झाला. शेवटी आईनं त्यांचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"ह्याची शपथ हाय तुम्हाला."

मी त्या वेळी पाच महिन्यांची होते. आई म्हणायची, तू नेमकी तेव्हाच लाथ मारलीस.

बाबांनी हात काढला नाही. मग म्हणाले, "बरं. रघूला पाठवतो."

सकाळी रघूकाका गाडी घेऊन गेला. त्याला बाबांनी एवढंच सांगितलं, की अंगात कणकण आहे. गाडी उन्हात आली तेव्हा अशी चमकली की बघणाऱ्याचे डोळे दिपले. रघूकाकानं डावी बाजू बघून कपाळाला हात लावला. "सरळ घास म्हटलं होतं ना रे तुला?" बाबा कसंनुसं हसले.

गाडी धुरळा उडवत गेली. आईच्या जिवात जीव आला; सारवण आजीनं आपल्या पोरासाठी केलं होतं, रघूकाकासाठी नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

बाबा सकाळभर घुम्यासारखे बसून होते. आईशी बोलले नाहीत. ती मनात म्हणाली, रुसले तर रुसू देत, समोर आहेत ना.

दुपार झाली.

मांडव रिकामा होता. खाली तेलाचे डाग, आणि गडग्याच्या बुडाशी पॉलिशच्या फडक्यांचा ढीग. बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. आई दारात उभी होती.

आणि...

सर्र... सर्र... सर्र...

गाडी नव्हती. तरी आवाज तिथूनच येत होता, रोजच्या जागेवरून. गडग्याकडून.

बाबा उठले. आईनं हाक मारेपर्यंत ते खळ्यात उतरले होते. ती म्हणायची, त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. ते हसत होते. शाळेतून घरी आलेलं पोर आईला बघून हसतं, तसे.

"आये?" ते म्हणाले.

आवाज थांबला नाही. या वेळी ते जवळ गेले तरी थांबला नाही.

ते वाकले. फडक्यांच्या ढिगाकडं त्यांनी हात नेला.

फुरसं होतं.

आमच्या सड्यावर फुरशी फार. वीतभर लांबीचं जनावर, पण जात वाईट. बाबांच्या अंगठ्याला डसलं आणि गडग्याच्या फटीत निघून गेलं. आईनं ओरडून वाडी गोळा केली. कोणी हाताला दोरी बांधली, कोणी मांत्रिकाकडं पळालं. शेजारच्या भागोजीनं बैलगाडी जुंपली.

मोटार असती तर लगेच शहरातल्या इस्पितळात पोचले असते.

मोटार संगमेश्वरला होती.

बैलगाडी पोचेपर्यंत हात खांद्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही. बाबा चारपाच दिवस झगडले. मग संपलं.

लग्न मात्र थाटात झालं. नवरदेव सुखरूप पोचला, गाडीला साधा ओरखडाही आला नाही.

बाबांना इस्पितळातून घरी आणलं ते त्याच गाडीतून. रघूकाकानं चालवली. रस्ताभर तो रडत होता. मागच्या सीटवर बाबांना निजवलं होतं. डावं दार उघडून चौघांनी त्यांना खाली घेतलं.

नंतर सगळं उरकल्यावर वाडीतल्या बायका शेणाचं घमेलं घेऊन आल्या. खळ्यात बाबांना टेकवलं होतं ती जागा त्यांनी सारवली. एक म्हातारी गाडीकडं बघून पुटपुटली, "मढं हिच्यातनं आणलंय, हिला काय करायचं? मोटार कशी सारवणार?"

आई म्हणाली, "ती आधीच सारवून झालीय."

पुढं शहाणी माणसं भेटली. त्यांनी आईला समजावलं. फुरसं चिडलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं, त्याचा तसाच सर्र सर्र आवाज होतो. ते पहिल्यापासून गडग्यात होतं, तुम्ही ऐकलात तो त्याचाच आवाज. मी स्वतः पुस्तकात वाचलंय, हे खरं आहे.

असेल. पण फुरसं पॉलिश करत नाही. आणि रांगोळी पुसत नाही.

गाडी रघूकाका घेऊन गेला. त्यानं ते अर्धगोल घासून काढले आणि ते पुन्हा उमटले नाहीत. आईनं नंतर हयातभर दुसऱ्यांची खळी सारवून मला शिकवलं. रांगोळी घातल्याशिवाय ती जागेवरून उठायची नाही.

म्हातारपणी ती मला एकच विचारायची. दुपारी, जेवण झाल्यावर, वाडी शांत असताना.

"तू गणितवाली. तू सांग. सासूबाय त्यांना 'जाऊ नको' म्हणत होत्या, की 'हय थांबू नको' म्हणत होत्या?"

मला तिसरंही एक उत्तर सुचायचं. आजी शेवटपर्यंत बाबांची वाट बघत होती, आणि मेल्यावरही तिचं वाट बघणं संपलं नसेल तर? ते उत्तर मी आईला कधी सांगितलं नाही. तिलाही ते सुचलं असणार. तीही कधी बोलली नाही.

आज आई नाही. प्रश्न माझ्याकडं आहे.

बाबांना मी पाहिलेलं नाही. त्यांचा फोटो नाही. त्यांचा हात मला एकदाच लागला, आईच्या पोटावरून, त्या संध्याकाळी.

आणि ते घरी थांबले ते माझ्या शपथेवर.